जिन्याखालचा डबा

दादरची आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पार्ले पूर्वेला भाड्याच्या घरात राहायला आलो. सामान अजून टेम्पोतून वर येत होते. सासूबाई दिवाणखान्यातल्या एकुलत्या खुर्चीवर बसून भिंती न्याहाळत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "अगं, फोन कुठे ठेवायचा?" त्या ८४ वर्षांच्या आहेत. मोबाइल त्यांना वापरता येतो, परंतु कानात यंत्र असल्यामुळे मोबाइलवरचा आवाज त्यांना फुटका ऐकू येतो. हातात धरायचा जड रिसीव्हर कानावर टेकवून, पाय वर घेऊन, सांगलीच्या बहिणीशी अर्धा तास बोलणे हेच त्यांच्या लेखी फोनवर बोलणे.

या प्रश्नाची तयारी मी महिनाभर करत होते. फोन, इंटरनेट आणि टीव्ही अशा तीन सेवा नव्या घरात घ्यायच्या होत्या आणि त्यासाठी एका वहीत मी सहा कंपन्यांचे रकाने आखले होते. माझे भाषांतराचे काम घरूनच चालते, मुलीचे सीएच्या परीक्षेचे वर्ग ऑनलाइन असतात, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी गॅस आणि पाण्याइतकाच निकडीचा होता. किल्ल्या हातात देताना दलाल म्हणाला, "ताई, या बिल्डिंगमध्ये एकाच कंपनीचं नेट आहे. हा त्यांच्या माणसाचा नंबर." त्या एका वाक्याने वहीतले पाच रकाने निकामी झाले.

दुसऱ्या दिवशी मी वॉचमनला विचारून जिन्याखाली गेले. तिथे भिंतीला तीन डबे लावलेले होते. पहिला जुना, पत्र्याचा, गंजलेला. तो टेलिफोनच्या तांब्याच्या तारांचा डीपी, म्हणजे घरोघरी तारा वाटून देणारा डबा. त्यात जोड्याजोड्यांनी बांधलेल्या रंगीत तारा होत्या आणि बहुतेक तुटून लोंबत होत्या. दुसरा केबलवाल्याचा, कोएक्सियल तारांचे जाड काळे वेटोळे असलेला. तिसरा नवा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा, त्यातून बारीक पिवळ्या वायरी वर गेलेल्या. मुंबईतल्या घरात फोन आणि टीव्ही कसे बदलत गेले, याचा सारा वृत्तांत त्या तीन डब्यांत शेजारी शेजारी टांगलेला होता. आपण कंपनी निवडतो असे मी समजत होते. निवड पुष्कळशी या डब्यांतच होऊन गेलेली असते, हे मला तिथे उमगले आणि पुढचे सहा-सात महिने मी याच गोष्टीचा विचार करत राहिले.

तांब्याच्या डब्याविषयी आधी लिहिते, कारण त्यात आमच्या घराचा मोठा काळ गेला आहे. मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले, तरी मध्यमवर्गीय मराठी घरांत फोन यायला त्यानंतर शंभर वर्षे लागली. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहणे ही तेव्हाची सर्वसाधारण गोष्ट होती. ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्यांचा नंबर आपल्या पत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापत आणि त्यापुढे कंसात 'पी.पी.' ही दोन अक्षरे घालत. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या दादरच्या घरात काळा फोन आला. सासूबाईंनी त्याला क्रोशाचे आच्छादन विणले होते. मजल्यावरच्या पाच बिऱ्हाडांचे फोन त्या एका यंत्रावर येत. कुणाचा मुलगा दुबईला नोकरीला लागला, कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचे गावी वडील गेले, हे आमच्या दिवाणखान्यात आधी कळत असे आणि नंतर त्या त्या घरी जात असे.

त्या नंबराचे पहिले आकडे ऐकले की ऐकणाऱ्याला दादर कळायचे, कारण नंबर एक्स्चेंजला बांधलेला होता. नंबर म्हणजे पत्ताच होता. म्हणूनच पार्ल्याला येताना तो बरोबर आणता आला नाही. मोबाइलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, आणि २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तरी नंबर टिकतो. घरच्या फोनला ही सोय नाही. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली नंबरांची डायरी मागून घेतली आणि कुणाकुणाला नवा नंबर कळवायचा त्या नावांपुढे पेन्सिलीने खुणा करत बसल्या. डायरीत वीस-बावीस नावे होती आणि त्यांतली सात माणसे हयात नव्हती.

तांब्याच्या फोनचा एक गुण मात्र आज फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तारेतून घरापर्यंत येई आणि इमारतीत अंधार असला तरी रिसीव्हर उचलताच सूर ऐकू येई. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या संध्याकाळी मोबाइलची जाळी कोलमडली होती आणि उपनगरांत ठिकठिकाणी वीज नव्हती. आमच्या घरचा फोन त्या रात्री चालू होता. रात्री दोनपर्यंत इमारतीतली माणसे आमच्या दाराशी उभी राहून घाटकोपरला, कुर्ल्याला, कलिन्याला अडकलेल्या आपल्या माणसांसाठी नंबर फिरवत होती. माझा नवरा त्या रात्री सीप्झच्या औद्योगिक वसाहतीतून चालत निघाला होता आणि पहाटे चारला घरी पोहोचला. अंधेरीतल्या एका दुकानदाराने त्याला आपल्या फोनवरून एक कॉल करू दिला आणि तो कॉल आम्हाला लागला, हे मी विसरू शकत नाही.

आज फायबरवरून येणाऱ्या फोनला हा गुण उरलेला नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातल्या ज्या पेटीत त्या प्रकाशाचे पुन्हा संदेशात रूपांतर होते तिला घरचीच वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधल्या बिघाडामुळे सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्या टाळेबंदीच्या दिवसांत घरोघरी चालू असलेले वर्ग आणि कार्यालये एका क्षणात बंद पडली. तेव्हापासून मी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा बॅटरीचा डबा वापरते. तीन-चार तास तो राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही चालवतो. घरात म्हातारे माणूस असेल आणि त्याचा फोन फायबरवर असेल, तर हा डबा जोडणीच्या दिवशीच घ्यावा असे मी प्रत्येकाला सांगते.

आता तिसऱ्या, पांढऱ्या डब्याकडे येते. त्यातल्या पिवळ्या वायरीच्या आत काचेचा जो तंतू असतो तो माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास असतो. रस्त्यावरून आलेला असा एक तंतू त्या डब्यातल्या स्प्लिटर नावाच्या एका छोट्या तुकड्यात शिरतो आणि त्यातून ८, १६ किंवा ३२ घरांच्या वायरी निघतात. सध्या सर्वत्र प्रचलित असलेल्या पद्धतीत एका तंतूवरून घरांकडे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट एवढी माहिती येऊ शकते आणि ती त्या तंतूवरच्या सगळ्या घरांत वाटली जाते. सगळी घरे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत म्हणून हे गणित जमते. जिथे कंपनीने मागची वाट पुरेशी रुंद ठेवलेली नसते तिथे ते रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान बिघडते. म्हणून जोडणी घेण्यापूर्वी त्या कंपनीच्या ग्राहकाकडे रात्री दहाला जाऊन बसावे. दुपारी तीनला दाखवलेला वेग हा वेग नव्हे.

वेगाच्या आकड्याविषयीही बोलले पाहिजे, कारण तिथे साध्या माणसाची गल्लत होते. जाहिरातीतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट असतात आणि आपल्या संगणकावरच्या फायली मेगाबाइटमध्ये मोजलेल्या असतात. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट एवढीच फाइल उतरते. एवढा वेग चार माणसांच्या घराला भरपूर होतो. व्हिडिओवर बोलायला दोन-चार एमबीपीएस पुरतात, फक्त ते जाण्याच्या दिशेनेही मिळाले पाहिजेत, आणि काही स्वस्त योजनांत येण्याचा वेग मोठा व जाण्याचा अगदी लहान असतो. सरकारी व्याख्येतही हा विषय हळूहळूच पुढे सरकला. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस, म्हणजे सुमारे पाव एमबीपीएस, एवढ्या वेगाला ब्रॉडबँड मानले जाई, २०१३ मध्ये ते ५१२ झाले आणि २ एमबीपीएसची व्याख्या यायला २०२३ उजाडले. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याला ३०० एमबीपीएसची योजना एका विक्रेत्याने गळ्यात मारली होती. ते दोघे दिवसाला एखादा व्हिडिओ कॉल करतात आणि कीर्तन ऐकतात.

'अमर्यादित' या शब्दाचाही अर्थ नीट वाचावा लागतो. काही योजनांत महिन्याला ३,३०० जीबी एवढी मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग अगदी कमी होतो. दिवसाला ११० जीबी हे प्रमाण साध्या घराला संपवता येणार नाही, त्यामुळे या मर्यादेचा मला राग नाही. ती पहिल्या पानावर लिहिलेली नसते, याचा मात्र आहे. तसेच भावाचे. ५९९ रुपये म्हणून सांगितलेल्या योजनेवर १८ टक्के जीएसटी लागून ७०६ रुपये ८२ पैसे होतात. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या माणसाला शेवटचा आकडा आधी सांगावा, ही अपेक्षा मोठी नाही.

केबलच्या डब्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण आमच्या घरात त्याची गरज एकाच व्यक्तीला आहे. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्चीवर तबकड्या बसल्या आणि गल्लीतल्या मुलांनी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर तारा टाकत केबलचा धंदा उभा केला. या धंद्यासाठी पुढे कायदा आला, परवाने आले, आणि २०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईत जुनी पद्धत बंद होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याचा नियम लागू झाला, तेव्हा सासूबाई आणि मी एका रविवारी दुपारी वाहिन्यांची यादी घेऊन बसलो होतो. पहिल्या शंभर वाहिन्यांचे १३० रुपये आणि त्यावर कर मिळून १५३ रुपये ४० पैसे, एचडी वाहिनी घेतली तर ती दोन वाहिन्यांच्या जागा खाते, सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, असा तो हिशोब होता. त्यांनी यादीतल्या अकरा वाहिन्यांवर खूण केली. चार मराठी, दोन भक्तिसंगीताच्या, बातम्यांच्या दोन, आणि तीन नातीसाठी. "बाकीच्या शंभर कशाला पाठवतात?" असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. पुढे शंभरच्या दोनशे झाल्या आणि २०२४ मध्ये त्या १३० रुपयांची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. निवड ग्राहकाच्या हाती देण्याचा तो नियम मला मनापासून आवडला होता. पण कंपन्यांनी वाहिन्यांचे गठ्ठे असे बांधले की सुटी वाहिनी घेणे महाग पडावे आणि गठ्ठा घेणे स्वस्त. पार्ल्यात केबलवाल्याला मी त्या अकरा वाहिन्यांची जुनी यादी दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, "ताई, आजी बघतात तेवढंच लावतो, उगाच पॅक नका घेऊ." गेली पंचवीस वर्षे तो याच चार गल्ल्यांत फिरतो आहे. आमचे केबल तिथेच ठरले.

इंटरनेटची गोष्ट मात्र सहज ठरली नाही. दलालाने दिलेल्या नंबरावर फोन केला तेव्हा समोरच्या माणसाने उरलेल्या दोन्ही सेवा एकाच फायबरवर देण्याची योजना सांगितली. फोन आणि इंटरनेट, दोन्ही एकाच बिलात, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तर राउटर फुकट. दर खरोखर कमी होता. वाहतुकीत आणि सामानात आधीच खर्च झालेला होता, म्हणून आम्ही ती योजना घेतली. एक बिल, एक फोन नंबर, एक माणूस, याची सोय मोठी वाटली.

पावसाळा संपल्यावर आमच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण सुरू झाले. एका सकाळी पेटीवर लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे प्रकाश येत नाही. कंपनीला फोन केला, तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि 'फायबर कट झालाय, काम सुरू आहे' असा निरोप आला. तो निरोप नऊ दिवस येत राहिला. त्या नऊ दिवसांत मुलीचे दोन सराव पेपर बुडाले, माझे एक भाषांतर मी पार्ल्याच्या एका वाचनालयात बसून पाठवले आणि सासूबाईंचा फोन मुका झाला. सगळ्या सेवा एकाच तंतूवर बांधल्या की तो तंतू तुटताना सगळ्यांना बरोबर घेऊन जातो, ही साधी गोष्ट मला सवलतीच्या आकड्यात दिसली नव्हती. सांगलीच्या मावशींनी तिसऱ्या दिवशी घाबरून माझ्या मोबाइलवर फोन केला. "ताईचा फोन लागत नाही, बरी आहे ना ती?" त्यांना समजावून सांगताना मला जे वाटले ते त्या नऊ दिवसांतल्या बुडालेल्या कामापेक्षा अधिक जड होते.

त्या दिवसांत तक्रारीची रीत मी नीट शिकले. ग्राहक सेवेकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा, दिलेल्या मुदतीत काम झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत लेखी अपील करावे, आणि त्या अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत मिळाला पाहिजे, असे २०१२ चे नियम सांगतात. दूरसंचार नियामक प्राधिकरण स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून थेट तिकडे पत्र पाठवून वेळ घालवू नये. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी फ्रिजवर लावून ठेवला आहे. मी अपील केले आणि बंद दिवसांचे भाडे पुढच्या बिलातून वजा झाले. रक्कम किरकोळ होती, पण बंद पडलेल्या सेवेचे पैसे मागणे हा आपला हक्क आहे हे मुलीने पाहिले याचे मला समाधान वाटते.

सहा महिन्यांचे पैसे संपायला आले तेव्हा मी पुन्हा वही उघडली आणि या वेळी रकाने वेगळे आखले. तार रस्त्यावरून कोणत्या वाटेने येते. तुटली तर जोडायला कोण येतो, तो कुठे राहतो, त्याला किती इमारती सांभाळायच्या असतात. पैसे महिन्याच्या महिन्याला घेतात की आगाऊ. दर आणि वेग शेवटी. मग मी इमारतीतल्या चार घरांत आणि समोरच्या इमारतीतल्या तीन घरांत रात्री दहाच्या सुमारास जाऊन बसले. चहा झाला, ओळखी झाल्या. समोरच्या इमारतीतल्या काकांकडे एका स्थानिक कंपनीचे इंटरनेट होते आणि ती तार मागच्या गल्लीतून, गच्चीवरून येत होती. पुढचा रस्ता खणला होता त्या नऊ दिवसांत त्यांचे इंटरनेट चालू होते. त्यांच्या तंत्रज्ञाचे नाव इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि तो मुलगा अंधेरीत राहतो व दुचाकीवर पंधरा मिनिटांत येतो, असे तीन घरांनी मला वेगवेगळे सांगितले.

प्रश्न राहिला आमच्या इमारतीत ती तार आणण्याचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. ते भले गृहस्थ आहेत. आधीच्या समितीने एका कंपनीशी करार केला होता, त्या बदल्यात सोसायटीला वर्षाला काही रक्कम मिळते आणि दुसऱ्या कंपनीला तार टाकू दिली तर ती बंद होईल, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. ती रक्कम २४ घरांत वाटली तर महिन्याला एका घराच्या वाट्याला सुमारे चाळीस रुपये येत होते. चाळीस रुपयांसाठी २४ घरांनी आपली निवड सोडून दिली होती आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकही नव्हते. मी पुढच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरू म्हणून बसले. मत देण्याचा हक्क मला नव्हता, बोलू द्यायचे की नाही हे अध्यक्षांच्या मर्जीवर होते. त्यांनी बोलू दिले. मी नऊ दिवसांची हकीकत सांगितली आणि चाळीस रुपयांचा हिशोब फळ्यावर मांडला. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी विचारले, "म्हणजे आम्हाला निवड होतीच कुठे?" ठराव झाला, आणि महिन्याभरात जिन्याखाली चौथा डबा बसला.

आज आमच्या घरी इंटरनेट त्या स्थानिक कंपनीचे आहे. सासूबाईंचा फोन आम्ही मुद्दाम वेगळ्या कंपनीचा, मोबाइलच्या जाळ्यावर चालणारा पण टेबलावर ठेवायचा असा घेतला. त्यात सिमकार्ड असते आणि वीज गेली तरी त्याची बॅटरी काही तास चालते. रिसीव्हर जड आहे. सिम कोणत्या कंपनीचे घ्यायचे हे ठरवताना घरातल्या आणि शेजारच्या माणसांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल आम्ही त्यांच्या पलंगाशेजारी ठेवून पाहिले, कारण जाहिरातीतला नकाशा शहराचा असतो आणि फोन मात्र एका भिंतीशेजारी वाजायचा असतो. पाच फुटांच्या अंतरात एका कंपनीचा आवाज स्वच्छ येत होता आणि दुसऱ्याचा तुटत होता. उद्या ही कंपनी पटली नाही तर १९०० या क्रमांकावर पोर्टचा संदेश पाठवून आठ अक्षरांचा कोड मिळवता येतो आणि तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर दुसऱ्या कंपनीकडे जातो. फक्त आधीच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावे लागतात. म्हणजे या वेळी सासूबाईंनी डायरीतल्या माणसांना कळवलेला नंबर पुन्हा बदलावा लागणार नाही. दादरला परत गेल्यावरही तोच राहील.

समुद्राखालून जगभरातल्या ज्या केबल भारतात येतात त्यांतल्या कित्येक वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बाहेर येतात. आमच्या पार्ल्याच्या घरापासून ते अंतर सात-आठ किलोमीटर असेल. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या तेव्हा इथले इंटरनेट मंदावले होते आणि जहाजे जाऊन त्या जोडून आली. सारे जग वर्सोव्यापर्यंत आणणारी माणसे आणि यंत्रे आहेत. उरलेल्या शेवटच्या शंभर फुटांत, रस्त्याच्या कडेपासून जिन्याखालच्या डब्यापर्यंत, कुणाची वाट मोकळी ठेवायची हे मात्र एखाद्या सोसायटीच्या सभेत, चहाबरोबर, फारशी चर्चा न होता ठरून जाते. आम्हा मुंबईकरांना पाण्याच्या टाकीची, लिफ्टची आणि पार्किंगची चर्चा करता येते. या शंभर फुटांची चर्चाही त्याच तन्मयतेने झाली पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

म्हणून दादरच्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या बैठकीला मी हल्ली वही घेऊन जाते. नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना इंटरनेट आणि मोबाइलच्या सोयीनुसार तारांकित मूल्यांकन देण्याचे नियम केले आहेत, ते मी समितीतल्या सगळ्यांना वाचून दाखवले. विकासकाच्या वास्तुविशारदाने दाखवलेल्या नकाशात प्रत्येक मजल्यावर तारांसाठी एक उभी नळी होती, आणि ती एका कंपनीच्या तारांनी भरून जाईल अशी होती. मी विचारले की दुसरी आणि तिसरी कंपनी आली तर तार कुठून नेणार. त्याने थोडा विचार करून म्हटले, "भिंतीवरून नेतील, सगळे तसंच करतात." दादरच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर अशा तारांचे जाळे मी वीस वर्षे पाहिले होते आणि त्यांतल्या कितीतरी तारा कुणाच्या हे कुणालाच सांगता येत नव्हते. मी नकाशातल्या लिफ्टशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. त्याने तिथे पेन्सिलीने आणखी दोन गोल काढले आणि तळमजल्यावर, जिन्याखाली, कुलूप लावता येईल अशी एक छोटी खोली आखली, तिला वीज आणि हवा दोन्ही मिळतील अशी. गोलांची मापे मात्र त्याने लिहिली नाहीत. पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी ती करारनाम्याच्या परिशिष्टात लेखी आली पाहिजेत, असे पत्र काल समितीच्या सह्यांनी गेले आहे.